गांवची राखण कोणाच्या जिवावर?

पुणें शहरांत राहणाऱ्या गृहस्थानें 'पोलीस' हा शब्द ऐकला कीं चौकी, गणवेष, गाडी आणि ठाणेदार यांचें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शहराची हद्द ओलांडून भोर, मुळशी, पुरंदर किंवा जुन्नर तालुक्यांतील एखाद्या वाडीवर गेलें म्हणजे हें चित्र पुसून जातें. तेथून ठाणें कित्येक कोसांवर असतें, आणि कायद्याचा पहिला प्रतिनिधि म्हणून जो मनुष्य भेटतो त्याच्या अंगावर गणवेष नसतो, हातीं दंडुका नसतो, व तो त्याच गांवांत शेती करून राहणारा असतो. त्यास पोलीस पाटील म्हणतात. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें त्याचें मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेण्याचा निर्णय केला. आमच्या शहरवासी वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं ती बातमी शेवटपर्यंत वाचली असेल, व ज्यांनीं वाचली त्यांपैकीं कांहींनीं 'सरकारी तिजोरीवर आणखी एक भार' असें म्हणून पान उलटलें असेल. अशा वाचकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं हा भार आजवर कोणी व कसा वाहिला याचा इतिहास एकवार पाहावा. गांवची राखण या देशांत कधींच फुकट झालेली नाहीं. तिची किंमत ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें मात्र सरकारी जमाखर्चांत कोठें सांपडत नाहींत.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली, व पुढच्याच वर्षीं आक्टोबरांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं जिंकलेल्या मुलखाविषयीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यांत गांवच्या बंदोबस्ताची जी हकीकत आहे ती आजही वाचण्यासारखी आहे. गांवच्या शांततेची जबाबदारी पाटलावर, त्याच्या मदतीस कुळकर्णी व चौगुला, आणि प्रत्यक्ष पहाऱ्याचें काम जागल्याकडे. हा जागल्या कोठें महार, कोठें रामोशी, कोठें भिल्ल असे. गांवांतील प्रत्येक मनुष्याची चालचलणूक त्यास ठाऊक असावी, रात्रीं कोण आलें कोण गेलें याची त्यास खबर असावी, आणि चोरी झाली तर पावलांवरून चोराचा माग त्यानें काढावा, अशी रीत होती. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत पोंचला आणि त्या गांवच्या जागल्याची तशी खात्री पटली, कीं पहिला मोकळा झाला व दुसऱ्यानें माग पुढें चालवावयाचा. ज्या गांवाच्या हद्दींत माग हरपला त्या गांवानें चोरीच्या मालाची भरपाई करावी. जागल्याच्या ऐपतीप्रमाणें प्रथम त्याच्याकडून, आणि उरलें तें सगळ्या गांवाकडून वसूल व्हावें, असा दंडक होता.

या पद्धतीचे गोडवे गाणारे लोक पुण्यास पुष्कळ आहेत. गांव स्वतःची राखण स्वतः करीत होतें, परक्या शिपायाची गरज नव्हती, आणि व्यापाऱ्याच्या मालास गांव जामीन होतें, हें सर्व कांहीं अंशीं खरें आहे. ज्या व्यापाऱ्याचे तांडे घाटांतून उतरत त्यास असा जामीन मोलाचाच वाटला असेल. परंतु हीच हकीकत लिहिणाऱ्या एल्फिन्स्टननें पुढें असेंही नमूद केलें आहे कीं, पूर्ण भरपाई घेणें उघड अन्यायाचें होतें; कारण चोरी रोखणें गांवाच्या हातीं असेलच असें नाहीं, आणि रक्कम भरण्याची त्यास ऐपत असेलच असेंही नाहीं. म्हणून ती पुरी क्वचितच घेतली जाई. बहुधा कांहीं दंडावर भागे. कुचराई किंवा चोराशीं संगनमत उघडकीस आलें तर दंड, बेडी, मारहाण हे उपाय होतेच. शिवाय पाटलाचें किंवा जागल्याचें इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत. या शेवटल्या शिक्षेकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. मनुष्य बदलला तरी घराणें तेंच. काम करण्यास कोण लायक आहे हा प्रश्न त्या व्यवस्थेंत उद्भवतच नसे. कोणाच्या पोटीं जन्मला एवढाच प्रश्न असे. शेवटच्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें दिल्या जाऊं लागल्यावर हा सारा गाडा आणखीच घसरला. मक्तेदारास वसूल हवा होता, आणि दंड हाही एक वसूलच होता.

कंपनी सरकारनें आरंभीं शहाणपणानें ही व्यवस्था फारशी मोडली नाहीं. १८२७ सालच्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहांतील बारावें रेग्युलेशन पोलिसांच्या बंदोबस्ताचें होतें, आणि त्यांतही पाटील व जागल्या कायमच होते. मोडलें तें निराळ्याच ठिकाणीं. डोंगरी किल्ल्यांची ठाणीं उठलीं, किल्ल्यांच्या राखणीवर पिढ्यान्पिढ्या पोट भरणाऱ्या रामोश्यांचें काम गेलें, आणि कामाबरोबर त्यांचे हक्कही गेले. पुरंदरच्या परिसरांतील भिवडी गांवचा उमाजी नाईक १८२६ च्या सुमारास उठला तो या असंतोषाच्या पोटीं. त्यानें व त्याच्या साथीदारांनीं पुणें व सातारा प्रांतांत सरकारास दोन वर्षें असें सतावलें कीं, बळानें त्यास दाबतां येत नाहीं हें पाहून सरकारनें त्यास माफी दिली, आणि त्याच्या लोकांस डोंगरी पोलीस म्हणून पगारी नेमलें! कालचा बंडखोर आज बंदोबस्तास! या गोष्टीचें आमच्या इंग्रजी ग्रंथकारांस फार हंसूं येतें; आम्हांस तींत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. रामोश्यांचें जें मागणें होतें तेंच या तडजोडीनें मान्य झालें. त्यांस राखणीचें काम हवें होतें व त्याचा मोबदला हवा होता. पुढें ही तडजोड फिसकटली, १८३१ च्या अखेरीस उमाजी पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं याच पुण्यांत त्यास फांशीं दिलें. त्यास पकडण्याच्या कामगिरीवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनें पुढें रामोश्यांच्या जातीवर इंग्रजींत एक ग्रंथच लिहिला. खानदेशांत तेवढें शहाणपण अधिक टिकलें. १८२५ सालीं औट्रमनें भिल्लांची जी पलटण उभारली ती त्याच तत्त्वावर होती, व तेथें तें तत्त्व मधेंच सोडून दिलें नाहीं.

पुण्याच्या पेठांतील व छावणींतील जुन्या रहिवाशांस या प्रकरणाची दुसरी बाजू चांगली ठाऊक असे. घरावर रात्रीं एक रामोशी ठेवला म्हणजे चोरी होत नाहीं, आणि न ठेवला तर होते, असा समज होता. त्यामुळें बंगल्याबंगल्यावर रामोशी राखणदार असे, इतका कीं 'रामोशी' म्हणजेच पहारेकरी असा अर्थ रूढ झाला. साहेबलोक यास खंडणी म्हणत. खंडणी म्हणा किंवा वेतन म्हणा. जें काम सरकार करीत नव्हतें त्याचा मोबदला रहिवासी देत होते, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. आज नऱ्हें, बाणेर, वाघोली येथील उंच इमारतींच्या दारांत रात्रभर खुर्चीवर बसणारा जो मनुष्य आपण पाहतों, तो त्याच जुन्या जागल्याचा वारस होय. पूर्वी त्यास गृहस्थ वेतन देई, आतां एखादी एजन्सी देते, आणि मधला कसर एजन्सीजवळ राहतो.

आतां कायद्याकडे वळूं. १८६७ सालीं मुंबई सरकारनें लागोपाठ दोन कायदे केले. सातवा कायदा जिल्हा पोलिसांचा व आठवा गांव-पोलिसांचा. पहिल्यानें सुपरिंटेंडेंटच्या हाताखालीं पगारी शिपायांचें दल बांधलें. दुसऱ्यानें पोलीस पाटलावर कर्तव्यांची लांबलचक यादी लादली. गांवांतील गुन्ह्यांची व लोकांच्या आरोग्याची खबर द्यावी, गुन्हे होऊं देऊं नयेत, झाले तर गुन्हेगार शोधावे, वॉरंटें बजावावीं, पोलीस अंमलदारास सर्व प्रकारें साहाय्य करावें. मोबदल्यांत अधिकार काय? किरकोळ शिवीगाळ किंवा हाणामारी करणारास चोवीस तासांपर्यंत चावडींत अडकवून ठेवण्याचा! वेतन म्हणाल तर तें वतनांतून. सरकारी तिजोरींतून ज्यास पगार मिळतो तो पोलीस, आणि वडिलार्जित जमिनीच्या तुकड्यावर जो राबतो तोही पोलीस; मात्र जबाबदारी दुसऱ्यावर अधिक. आम्ही वकिलीच्या धंद्यांत बरींच वर्षें काढलीं आहेत, व कायद्यांची भाषा वाचण्याची आम्हांस संवय आहे. ज्या कायद्यांत 'करावें' हा शब्द पानोपानीं येतो आणि 'मिळावें' हा शब्द शोधून सांपडत नाहीं, तो कायदा कोणाच्या सोयीसाठीं केला हें ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं.

येथें एक विसंगति नमूद केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. ज्या इंग्रजांनीं हा कायदा केला त्यांच्या स्वदेशीं त्यापूर्वीच उलट दिशेनें सुधारणा झाली होती. इंग्लंडच्या खेड्यांत शतकानुशतकें पॅरिशचा बिनपगारी कॉन्स्टेबल असे. पाळीनें हें काम ज्याच्या गळ्यांत पडे तो तें टाळण्याची खटपट करी, अथवा पैसे देऊन बदली मनुष्य उभा करी. १८३९ च्या कायद्यानें कौंट्यांस पगारी पोलीस ठेवण्याची मुभा मिळाली, १८५६ च्या कायद्यानें सक्ती झाली, आणि जें दल कार्यक्षम ठरेल त्याच्या पगार व कपड्यांच्या खर्चाचा एकचतुर्थांश सरकारी तिजोरींतून देण्याचें ठरलें. बिनपगारी राखणदारावर गांव सुरक्षित राहत नाहीं हा धडा त्यांनीं घरीं पुरता घेतला होता. दक्षिणेंत येतांना तो बोटीवरच ठेवून आले.

रशियाचें उदाहरण आपल्या स्थितीस अधिक जवळचें आहे. तेथें १८६१ सालापर्यंत कुळें जमीनदाराच्या मालकीचीं, आणि त्यांच्यावरील पोलिसी हुकमतही बहुतांशीं जमीनदाराचीच. सरकारनें १८३७ सालीं जिल्ह्याचे पोटविभाग पाडून प्रत्येकावर 'प्रिस्ताव' नांवाचा अंमलदार बसविला. त्याच्या हाताखालीं शेतकऱ्यांतूनच निवडलेले 'सोत्स्की' व 'देस्यात्स्की' असत, म्हणजे शंभरांवरचा व दहांवरचा. नांवें भारदस्त, पण काम वेठीचें. आपलें शेत सोडून कैदी पोंचवावे, रस्त्यावर प्रेत सांपडलें तर अंमलदार येईपर्यंत त्यावर पहारा करावा, साहेबाची गाडी अडली तर घोडे जमवावे. कुळें मुक्त झाल्यावर जमीनदाराची हुकमत गेली, आणि झारच्या सरकारास एकाएकीं दिसून आलें कीं, खेड्यांत आपला असा मनुष्यच नाहीं. क्रांतिकारकांचें भय वाढतांच १८७८ सालीं ४६ प्रांतांसाठीं ५,००० 'उर्यादनिक' नेमण्यांत आले. हे पगारी व घोडेस्वार होते, आणि लोकांत लवकरच अप्रिय झाले. एवढ्या अफाट मुलखास पांच हजार माणसें म्हणजे कितीशीं! १९०३ सालीं त्यांच्या मदतीस आणखी पगारी शिपाई दिले. तरीही तळाचा देस्यात्स्की होता तसाच राहिला. योगायोग असा कीं, रशियांत हें चाललें असतां दुसऱ्याच वर्षीं, १८७९ सालीं, आमच्या पुणें जिल्ह्यांत वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोश्यांस हाताशीं धरून बंड उभारलें. दोन्ही सरकारांस गांवची आठवण झाली ती भयामुळें. भयानें जो पोलीस नेमला जातो तो गांवावर पहारा करण्यासाठीं येतो. गांवासाठीं पहारा करणें हें त्याचें काम राहत नाहीं.

रामोश्यांच्या बाबतींत हें अक्षरशः घडलें. राखणदाराची जात संशयिताची जात ठरली. १८७१ सालीं आरंभ झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या नव्या कायद्यानें मुंबई इलाख्यासही लागूं झाला. 'हजेरी' हा शब्द शाळेंतील मुलास निरुपद्रवी वाटतो. चावडीवर रात्रीं जाऊन आपण घरींच आहों हें पाटलास दाखविणें ज्यांच्या नशिबीं आलें त्यांस तो तसा वाटला नाहीं. ज्याच्या आजानें दुसऱ्याच्या पावलांचा माग काढला त्याच्या नातवाच्या पावलांवर सरकारची नजर बसली. १९५२ सालीं हा कायदा रद्द झाला, आणि रामोशी आज विमुक्त जातींच्या यादींत आहेत. कायदा गेला म्हणून संशय गेला असें मात्र म्हणवत नाहीं.

दुसरा राखणदार महार. त्याचें गाऱ्हाणें बंडानें पुढें आलें नाहीं. तें कौन्सिलांत आलें. १९२८ सालीं डॉक्टर आंबेडकर यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल मांडलें. त्यांचा मुद्दा वकिली दृष्टीनें बिनतोड होता. महार हा सरकारचा नोकर. रात्रींबेरात्रीं हांक आली कीं त्यानें धांवावें, तो नसला तर त्याच्या घरच्या कोणीं जावें. मग त्याचा मोबदला सरकारनें न देतां रयतेच्या बलुत्यावर कां सोडावा? बलुतें देणाराची मर्जी खप्पा झाली कीं तें बंद. काम मात्र बंद करतां येत नाहीं. त्या वेळीं पुण्यांतील व इतरत्रच्या पुष्कळ शिष्ट मंडळींनीं या बिलाकडे एका जातीचा प्रश्न म्हणून पाहिलें. तो सर्व इलाख्याच्या राज्यकारभाराचा प्रश्न होता. बिल पास झालें नाहीं. १९२९ सालीं तें मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ वतनें नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरीं १९०२-०३ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलीस कमिशन बसलें. त्यानें पोलीस खातें अकार्यक्षम व लांचखाऊ असल्याचा लोकांचा समज साधार ठरविला, आणि गांवच्या मुखत्याराची जबाबदारी पुनः बळकट करावी व जागल्यास ठाण्याचा हरकाम्या करूं नये असेंही सुचविलें. शिफारस उत्तम होती. शिफारशी बहुधा उत्तमच असतात.

स्वराज्यांत काय झालें? १९६२ सालच्या कायद्यानें मुलकी पाटिलकी बंद झाली, आणि वसुलाचें काम तलाठ्याकडे गेलें. नंतर १९६७ सालीं महाराष्ट्र ग्राम-पोलीस कायदा झाला. जुन्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. या कायद्याचें आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतों तें एका मोठ्या कारणासाठीं. पोलीस पाटिलकी घराण्यांतून निघाली. आज प्रांताधिकारी परीक्षा घेऊन ही नेमणूक करतात, कांहीं जागा मागासलेल्या जातींसाठीं व स्त्रियांसाठीं राखीव असतात, आणि ज्या गांवांत पाटलाच्या वाड्यापुढून कित्येकांस जोडा हातांत घेऊन जावें लागे त्याच गांवांत आज त्यांच्याच घरची एखादी मुलगी पोलीस पाटील म्हणून पंचनाम्यावर सही करूं शकते. जुन्या पाटिलकीसाठीं उसासे टाकणारांनीं हें एकदां डोळ्यांनीं पाहून यावें. ती पाटिलकी परत आणावी असें आम्हांस क्षणभरही वाटत नाहीं.

परंतु घराणें काढलें त्याच वेळीं कर्तव्यांची यादीही नव्यानें लिहावयास हवी होती. ती जुन्या कायद्यावरून जवळजवळ तशीच उतरून घेतली. दंडाधिकाऱ्याचे हुकूम पाळावे, गुन्ह्यांची स्थिति व गांवकऱ्यांचें आरोग्य व सामान्य परिस्थिति यांची खबर सतत द्यावी, शांततेस बाध आणणारी बातमी ठाण्यास कळवावी, गुन्हे रोखावे, गुन्हेगार हुडकावे. जुन्या पाटलाच्या पाठीशीं निदान वाडा, जमीन आणि जात तरी उभी असे. अशी पाठ असणें अन्यायाचें होतें. पण ती काढून घेतल्यावर तिच्या जागीं कायद्यानें दुसरी पाठ दिली नाहीं. पहिली नेमणूक पांच वर्षांपुरती, पुढें नूतनीकरणावर अवलंबून. ज्यास दर कांहीं वर्षांनीं आपली जागा नव्यानें मिळवावयाची आहे तो ठाणेदारास न आवडणारी आणि गांवांतील बलिष्ठ तटास न आवडणारी खबर किती निर्भयपणें देईल, याचा वाचकांनींच विचार करावा. खबर देण्याचें हें ओझें फौजदारी कायद्यानेंही त्याच्यावर घातलें आहे. १९७३ च्या संहितेंत तर गांवांतून जाणाऱ्या 'ठगा'ची वर्दी देण्याचेंही कलम होतें. ठग संपून शतक लोटलें तरी कलमांत तो शंभर वर्षें प्रवास करीतच होता. १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही गांवच्या अधिकाऱ्यांनीं वर्दी देण्याचें कर्तव्य कायम आहे.

हें सर्व पुस्तकी वाद आहेत असें ज्यांस वाटतें त्यांनीं तीन ठिकाणांचीं नांवें आठवावीं. भंडारा जिल्ह्यांत खैरलांजी येथें २००६ सालच्या सप्टेंबरांत एका दलित कुटुंबांतील चौघांची हत्या झाली. त्याआधींच्या घटनांत शेजारच्या गांवच्या एका दलित पोलीस पाटलास झालेली मारहाण होती, आणि त्या मारहाणीसंबंधीं या कुटुंबानें दिलेली साक्ष होती. कायद्याचा प्रतिनिधि स्वतःच मार खातो, व त्याच्या बाजूनें बोलणारांचा जीव जातो! धुळें जिल्ह्यांत राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसाव्यांपैकीं पांच जणांस मुलें पळविणारे समजून जमावानें ठार केलें. तेंही ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून. पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें १६ एप्रिल २०२० रोजीं चोर आल्याच्या अफवेवरून दोन साधू व त्यांचा गाडीवान यांचा तसाच अंत झाला. त्या दिवसांत अफवांमुळें गांवोगांव लोक स्वतःच रात्रीं पहारे देत होते. गांवानें स्वतःची राखण स्वतः करावी या जुन्या सूत्राचें, अधिकारी माणूस वगळल्यावर, काय रूप होतें तें येथें दिसतें. परका मनुष्य गांवांत आला तर त्याची विचारपूस करून नोंद ठेवणें हें पूर्वी जागल्याचें काम होतें. त्या विचारपुशींत जाच होता. पण विचारपूस करणारा एक ओळखीचा, जबाबदार मनुष्य होता. जमावास कोणी जबाबदार नसतो. राईनपाड्याचे मृत पावलेले पांचही जण भटक्या जमातींतले होते, हाही योगायोग नव्हे.

कोणी म्हणतील कीं, आतां ११२ क्रमांक फिरवला कीं गाडी येते, चौकाचौकांत कॅमेरे आहेत, मग या जुन्या अवशेषाची गरज काय? आमचें उत्तर असें कीं, गाडी येते ती गोष्ट घडल्यावर. राईनपाड्यांत अफवा जमावाच्या आधीं कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. ती गांवांत काय रंग घेत आहे हें ठाण्यावरील कॅमेऱ्यास दिसत नाहीं. पारावर बसणाऱ्या मनुष्यास दिसतें. व्यापारी वर्गासही आम्हांस हेंच सांगावयाचें आहे. आपला माल नारायणगांव, मंचर, सासवड येथून मार्केट यार्डांत येतो तो रात्रींच्या वेळीं गांवांच्या शिवांतूनच येतो, आणि आपलीं नवीं गुदामें शहराबाहेर गेलीं आहेत तीं कालपरवांपर्यंत पाटलाच्या हद्दींतच होतीं. २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें महापालिकेंत आलीं, २०१८ सालीं पिंपरी-चिंचवडचें निराळें पोलीस आयुक्तालय झालें. गांवाचें शहर होतांना गांवची जुनी ओळखदेख नाहींशी होते आणि शहराची चौकी मात्र वेळेवर येत नाहीं.

तेव्हां करावें काय? मानधन वाढलें ही गोष्ट उत्तम. तें दरमहा ठरल्या तारखेस मिळावें. थकलेलें मानधन म्हणजे जुन्या बलुत्याचाच नवा प्रकार होय. नेमणुकीबरोबर कायद्याचें व पंचनाम्याचें निदान कांहीं आठवड्यांचें शिक्षण सक्तीचें असावें. आम्हीं कोर्टांत पोलीस पाटलांची उलटतपासणी केली आहे. 'खबर उशिरां कां दिली?' या एका प्रश्नावर प्रामाणिक मनुष्य गोंधळतो, आणि आरोपीचा वकील म्हणून आम्हीं त्या गोंधळाचा फायदा घेतला आहे, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं. लाज वाटावयाची तर ती शिक्षण न देणाऱ्यास वाटावी. नूतनीकरण नाकारावयाचें असेल तर लेखी कारण दिलें पाहिजे, व त्यावर अपील असलें पाहिजे. पोलीस पाटलावर त्याच्या कामामुळें हल्ला झाला तर त्याचा तपास त्याच ठाण्याकडे न राहतां वरिष्ठ अंमलदाराकडे जावा.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा शेवटीं सांगतों. पोलीस पाटलानें ठाण्यास दिलेली प्रत्येक वर्दी, मग ती कागदावर असो वा मोबाइलवर, तारीख व वेळ घालून नोंदली जावी, आणि तिची पोंच त्यास त्याच दिवशीं मिळावी. आज गांवांत कांहीं अघटित घडलें म्हणजे ठाणें म्हणतें, पाटलानें कळविलें नाहीं. पाटील म्हणतो, कळविलें होतें. चौकशी समिति बसते, आणि तिच्यापुढें एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो. त्यांत मोठ्या पगाराच्या मनुष्याचा शब्द बहुधा जिंकतो. पोंचपावतीचें पुस्तक गृहखात्यानें या आर्थिक वर्षाच्या आंत प्रत्येक पोलीस पाटलाच्या हातीं द्यावें, आणि दिलें कीं नाहीं हें आमच्या जिल्ह्यांतील आमदारांनीं पुढच्या अधिवेशनांत विचारावें.